दिवाळीचं पार्सल वेळेत पोचवायचं तर

दिवाळीच्या तोंडावर कुरिअरच्या दुकानात शिरलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो वेगाचा. सगळ्यांत लवकर कशानं जाईल, त्याचे किती होतील, एवढं विचारून तो पाकीट काढतो. एरवी हा व्यवहार सरळ असतो, जास्त पैसे दिले की पार्सल लवकर जातं. सणाच्या आठवड्यात हे गणित बिघडतं. कारण त्या आठवड्यात कोणतीही कंपनी नेहमीपेक्षा वेगानं धावू शकत नाही. धावणं तर सोडाच, हातात आलेलं सगळं उचलणंही तिला जमत नाही. मग ती एकच गोष्ट करते, कुणाचं आधी आणि कुणाचं नंतर हे ठरवते. पाठवणाऱ्यानं हे ध्यानात घेतलं तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे घालू नयेत, हे आपोआप स्पष्ट होतं. पार्सल कोणत्या तारखेला दिलं, खोका कसा बांधला आणि पत्ता कसा लिहिला, या तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. निम्म्याहून अधिक प्रवास त्यांच्यावरच ठरतो. सेवेचं नाव त्यानंतर येतं.

हे अनुमान हवेतलं नाही. या धंद्यातला गाजलेला फजितीचा प्रसंग अमेरिकेतला, २०१३ च्या नाताळचा आहे. तिथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ असतो आणि त्यानंतर नाताळच्या खरेदीला जोर चढतो. २०१३ मध्ये तो गुरुवार २८ नोव्हेंबरला, म्हणजे जितका उशिरा येऊ शकतो तितका उशिरा आला. आदल्या वर्षीपेक्षा खरेदीचा हंगाम सहा दिवसांनी आखडला. डिसेंबरच्या सुरुवातीला टेक्सासमध्ये बर्फाचं वादळ झालं आणि पार्सलं साचली. ऑनलाइन दुकानांनी तर शेवटच्या दिवसांपर्यंत ‘नाताळपूर्वी हमखास’ असं सांगून ऑर्डरी घेतल्या. यूपीएस कंपनीनं हंगामासाठी ५५ हजार तात्पुरती माणसं घ्यायचं ठरवलं होतं, ती संख्या पुढे ८५ हजारांवर गेली. तरीही २४ डिसेंबरच्या रात्री असंख्य भेटवस्तू ट्रकांत आणि गोदामांत पडून राहिल्या. अॅमेझॉननं ग्राहकांना पाठवणीचे पैसे परत केले, वर २० डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं. या प्रकरणातली खरी बोलकी बाब मात्र कंपनीच्या खुलाशात होती. नाताळच्या ऐन आधी विमानानं जाणारी पार्सलं आपल्या यंत्रणेच्या क्षमतेपलीकडे गेली, असं यूपीएसनं सांगितलं. विमानानं पाठवणारे ग्राहक म्हणजे वेगासाठी जास्त पैसे मोजणारेच. साधी, रस्त्यानं जाणारी पार्सलं ज्यांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिली, त्यांचं काम कमी पैशांत झालं.

यावर कुणीही म्हणेल की मग कंपन्यांनी क्षमता वाढवावी, त्यांना कुणी अडवलं आहे? यूपीएसनं पुढच्याच वर्षी ते करून पाहिलं. २०१४ च्या हंगामाच्या तयारीवर तिनं सुमारे ५० कोटी डॉलर खर्च केले आणि ९० हजारांहून अधिक तात्पुरती माणसं घेतली. पार्सलं वेळेत गेली. पण अंदाजाइतकी गर्दी काही दिवस झालीच नाही. अपेक्षेपेक्षा सुमारे २० कोटी डॉलरचा जादा खर्च अंगावर पडला आणि जानेवारी २०१५ मध्ये ही बातमी फुटताच कंपनीचा शेअर एका दिवसात १० टक्क्यांच्या आसपास कोसळला. एका वर्षी क्षमता कमी पडली म्हणून नाचक्की झाली, तर दुसऱ्या वर्षी ती जास्त झाली म्हणून. धंद्यानं यातून जो धडा घेतला तो आपल्यासारख्यांच्या कामाचा आहे. क्षमता वाढवण्यापेक्षा गर्दी पसरवायची आणि जिथे पसरत नाही तिथे ती अडवायची. २०१७ मध्ये यूपीएसनं हंगामातल्या ठरावीक आठवड्यांत घरपोच पार्सलांवर जादा आकार लावला. २०२० च्या कोरोनाकाळातल्या डिसेंबरात तर गॅप, नायकी यांसारख्या बड्या दुकानदारांना ठरवून दिलेल्या वाट्यापेक्षा जास्त पार्सलं उचलायला तिनं नकार दिल्याचं प्रसिद्ध झालं. चीनमध्ये २००९ साली ११ नोव्हेंबर या एका दिवसाची म्हणून सुरू झालेली अलीबाबाची विक्री आता ऑक्टोबरातच सुरू होऊन आठवडे चालते. त्यामागे विक्रीचा हिशेब आहेच, पण एका दिवसाचा भार अनेक दिवसांवर जातो हा फायदाही कमी नाही. आपल्याकडच्या ‘बिग बिलियन डेज’ आणि ‘ग्रेट इंडियन फेस्टिव्हल’चंही तेच. २०२५ मध्ये दोन्ही विक्रीमेळे २३ सप्टेंबरला, दिवाळीच्या जवळजवळ महिनाभर आधी सुरू झाले.

क्षमता वाढवणं इतकं अवघड का, हे समजायला पार्सलचा रस्ता पाहावा लागतो. दुकानातून उचललेलं पार्सल संध्याकाळी जवळच्या केंद्रात जातं, तिथून ट्रकनं मोठ्या हबमध्ये. मुंबई-ठाण्याच्या परिसरात अशी गोदामं आणि हब भिवंडीभोवती, मुंबई-नाशिक महामार्गाच्या आजूबाजूला दाटलेली आहेत. हबमध्ये रात्रभर वर्गवारी होते, पट्ट्यावरून धावणाऱ्या खोक्यांवरचे बारकोड वाचून ते गावागावांच्या वाटांना लावले जातात. पुन्हा ट्रक किंवा विमान, पुन्हा एक हब, मग स्थानिक केंद्र आणि अखेर दुचाकीवरचा माणूस. यातला ट्रक भाड्यानं मिळतो, दुचाकीवरचा माणूसही दोन महिन्यांसाठी मिळतो. वर्गवारीचं यंत्र आणि त्याभोवतीची जागा मात्र दिवाळीपुरती भाड्यानं मिळत नाही. अमेरिकेत लुईव्हिल इथलं यूपीएसचं ‘वर्ल्डपोर्ट’ ताशी ४ लाखांहून अधिक पार्सलं हाताळू शकतं, पण त्या आकड्यालाही एक टोक आहेच. गणपतीला कोकणात कितीही जादा गाड्या सोडल्या तरी घाटातला रस्ता तेवढाच राहतो, तसं हे आहे. शिवाय सणाच्या दिवसांत शहरांत अवजड वाहनांना काही तास बंदी असते. हबच्या दाराशी ट्रक उभे राहतात, आतला पट्टा अपुरा पडतो आणि मग ट्रॅकिंगवर तीन दिवस एकाच गावाचं नाव दिसत राहतं. अशा वेळी कस्टमर केअरला फोन करून काही हलत नाही, कारण फोन घेणाऱ्यालाही तेवढंच दिसत असतं.

मग दहा मिनिटांत तुपाचा डबा दारात आणणाऱ्या कंपन्यांना हे कसं जमतं, असा प्रश्न हल्ली हमखास येतो. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर उपयोगी. तो डबा तुम्ही मागवता तेव्हा निघत नाही, तो आधीच तुमच्या घरापासून दोनतीन किलोमीटरवरच्या गोदामात येऊन बसलेला असतो. मोठी ऑनलाइन दुकानंही हंगामाआधी तेच करतात. कोणत्या भागात काय खपेल याचा अंदाज बांधून माल आधीच नागपूर, पुणे, हैदराबाद अशा ठिकाणच्या गोदामांत नेऊन ठेवतात. लांबचा प्रवास गर्दीच्या आधी उरकला की सणाच्या आठवड्यात फक्त शेवटचा टप्पा उरतो. तुमच्या आईनं केलेल्या करंज्यांचा डबा असा आधी नेऊन ठेवता येत नाही, तो एकाकडून एकाकडेच जातो. पण बेंगळुरूच्या भाच्याला मिक्सर किंवा पुस्तकं द्यायची असतील, तर पुण्यात विकत घेऊन खोका बांधण्यापेक्षा त्याच्या पत्त्यावर तिथल्याच गोदामातून जाईल अशी ऑर्डर द्यावी. ऑर्डर देण्यापूर्वी त्याचा पिनकोड टाकून पोचण्याची तारीख पाहावी. दोन दिवसांची तारीख दिसली तर माल जवळच आहे, नऊ दिवसांची दिसली तर तोही हबच्या रांगेतूनच येणार आहे.

आता तारखेचं पाहू. इंग्लंडमध्ये रॉयल मेल दरवर्षी नाताळसाठी शेवटच्या पाठवणीच्या तारखा आधी जाहीर करतं आणि लोक त्या पाळतात. आपल्याकडे ही सवय नाही आणि दिवाळी दरवर्षी सरकते, त्यामुळे इंग्रजी तारीख पाठ करून उपयोगही नाही. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते ८ नोव्हेंबरवर गेलं. पण आपल्या पंचांगातच सोय आहे. दसरा ते लक्ष्मीपूजन हे अंतर तिथींनी बांधलेलं असल्यामुळे दरवर्षी एकोणीस-वीस दिवसांचंच राहतं आणि कोजागरी ते लक्ष्मीपूजन साधारण पंधरा दिवसांचं. तेव्हा परदेशी पार्सल दसऱ्यापर्यंत आणि देशातलं कोजागरीपर्यंत काउंटरवर गेलं पाहिजे, असा नियम घरात लावून घ्यावा. मुंबईहून पुण्याला किंवा नाशिकला पाठवायचं असेल तर आठवडाभर इकडेतिकडे चालेल. ईशान्येकडची राज्यं, अंदमान किंवा काश्मीर असेल तर दसराही उशिराच. परदेशी पार्सल टपालानं पाठवत असाल तर महिनाभर आधी द्या, खासगी कुरिअरला दसरा पुरतो. आठवड्यातला वारही बघावा. सोमवारी ऑनलाइन दुकानांच्या शनिवार-रविवारच्या ऑर्डरी एकदम बाहेर पडतात, म्हणून मंगळवार किंवा बुधवार बरा. आणि संध्याकाळची गाडी निघायच्या आधी, म्हणजे दुपारीच द्यावं, नाहीतर पार्सल रात्रभर त्याच दुकानात राहतं आणि आपला एक दिवस फुकट जातो.

इथे घरोघरी उठणारा आक्षेप म्हणजे इतक्या लवकर पाठवलेला फराळ पोचेपर्यंत शिळा होईल. तो अर्धा खरा आहे. ओल्या नारळाच्या करंज्या, खव्याचे पदार्थ, नारळाच्या वड्या पाठवूच नयेत. मग त्या दोन दिवसांत पोचणार असल्या तरी नको, कारण दोन दिवसांचे पाच झाले की डब्यातलं उरलेलंही वाया जातं. पण कडक शंकरपाळे, चकल्या, शेव, पातळ पोह्यांचा चिवडा, सुक्या खोबऱ्याच्या करंज्या, नीट भाजलेल्या बेसनाचे लाडू हे सगळं तीन आठवडे सहज टिकतं, मुळात टिकावं म्हणूनच ते तसं केलं जातं. खवट होण्याचं कारण बहुतेक वेळा तारीख नसते, तेल आणि हवा असतात. ताजं तेल वापरा, पदार्थ पूर्ण गार होऊ द्या, चिवड्यातलं खोबरं आणि शेंगदाणे नीट कोरडे तळा, प्रत्येक पदार्थ वेगळ्या पिशवीत हवा काढून सील करा. चिवडा आणि लाडू एकाच पिशवीत घालणाऱ्यांना काय सांगावं? लाडवाचा ओलावा चिवडा शोषून घेतो आणि दोन्ही बिघडतात.

खोक्याबद्दल लोक सर्वांत कमी विचार करतात आणि पैसे मात्र तिथेच जातात. कुरिअर कंपन्या वजनाबरोबर आकारमानाचंही वजन काढतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि साधारणपणे ५००० नं भागायचं. येणारा आकडा आणि खरं वजन यांत जो मोठा, त्याचे पैसे. ४० × ३० × ३० सेंटिमीटरच्या खोक्यात चार किलोच चिवडा-चकल्या असल्या तरी हिशेब ७.२ किलोचा लागतो. हीच मंडळी मग ‘कुरिअरवाल्यानं लुबाडलं’ म्हणतात. सामानाला बेताचा खोका घ्यावा, आत हलणारी जागा वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी भरावी. खोका चौकोनी आणि ताठ असावा. कापडात शिवलेली गाठोडी, दोरीनं बांधलेले डबे, बाहेर आलेले कोपरे वर्गवारीच्या पट्ट्यावर नीट बसत नाहीत आणि हातानं हाताळायच्या ढिगात जातात. गर्दीत तो ढीग सगळ्यांत शेवटी हलतो. टेप सांध्यांवर इंग्रजी एच अक्षरासारखा लावावा, लेबल सपाट बाजूला, त्यावर सुरकुती किंवा चमकदार टेप नको, नाहीतर बारकोड वाचला जात नाही. जुना खोका वापरत असाल तर आधीचं लेबल खरवडून काढा. विमानानं जाणाऱ्या पार्सलात अत्तर, सेंट, स्प्रे, पॉवर बँक, फुलबाज्या घालू नका. भेटीच्या खोक्यात कोपऱ्यात ठेवलेली सेंटची बाटली तपासणीत सापडली की अख्खं पार्सल बाजूला पडतं, आणि सणात बाजूला पडलेल्या पार्सलकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

सगळ्यात महाग टप्पा शेवटचा. एक माणूस दिवसभरात ठरावीक घरं फिरू शकतो. त्यातल्या दहा घरांना कुलूप असलं तर तीच दहा पार्सलं उद्याच्या ढिगावर चढतात. सुट्टीला गावी गेलेली माणसं, बदललेले फोन नंबर, ‘गणपती मंदिराजवळ’ एवढाच पत्ता, या गोष्टी कंपनीचं यंत्र कितीही आधुनिक असलं तरी सुटत नाहीत. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालत आलेला पिनकोड इथे अजूनही सर्वांत उपयोगी आहे. पहिले तीन आकडे वर्गवारीचा जिल्हा ठरवतात, शेवटचे तीन टपाल कार्यालय. ४११ च्या जागी ४१६ पडलं तर पुण्याचं पार्सल कोल्हापूरच्या वाटेला लागतं आणि परत फिरायला तेवढेच दिवस घेतं. म्हणून पिनकोड विचारून घ्यावा, आठवणीतून लिहू नये. मोबाइल नंबर घेणाऱ्याचा, आणि तो उचलत नसेल तर शेजाऱ्याचा किंवा सोसायटीच्या वॉचमनचाही द्यावा. घेणारा भाऊबीजेला माहेरी जाणार असेल तर माहेरचाच पत्ता टाकावा. शक्य असेल तर ऑफिसचा पत्ता द्यावा, तिथे दिवसा कुणीतरी असतंच, फक्त सुट्टीच्या आदल्या दिवसापर्यंत पोचेल एवढं पाहावं. आणि ओटीपी मागणाऱ्या माणसाला दारात दहा मिनिटं उभं करू नये. त्याला पार्सलमागे पैसे मिळतात, तासाला नाही.

एवढं सगळं ऐकून कुणी चिडून म्हणेल, ‘पैसे आम्ही द्यायचे आणि काळजीही आम्हीच घ्यायची? कंपनीनं वेळ चुकवली तर भरपाई घेऊ.’ तक्रार न्यायाची आहे आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतल्या त्रुटीची दाद मागता येते. पण किती मिळेल याचा अंदाज घेऊन ठेवलेला बरा. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या १९९६ च्या खटल्यात हंगामी मालाची कागदपत्रं जर्मनीच्या ग्राहकाला वेळेत पोचली नाहीत, खरेदीदारानं किंमत कापली आणि नुकसान लाखांत गेलं. सर्वोच्च न्यायालयानं मात्र सही केलेल्या कराराप्रमाणे कुरिअरची जबाबदारी १०० डॉलरपुरतीच मानली. पावतीच्या मागच्या बारीक अक्षरांना इतकं वजन आहे. टपाल खात्याच्या बाबतीत जून २०२४ पासून लागू झालेला नवा टपाल कायदाही नियमांत ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे जबाबदारी घेत नाही. म्हणून किमती वस्तू असेल तर वस्तूची खरी किंमत लिहून विमा घ्या, बांधण्याआधी आणि बांधल्यावर फोटो काढा, पावती जपून ठेवा. भाऊबीजेला न पोचलेल्या फराळाची किंमत कुठलंही न्यायालय लावणार नाही.

परदेशी पार्सलांना गर्दीखेरीज आणखी एक अडथळा आहे, नियमांचा, आणि तो कधी बदलेल सांगता येत नाही. अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून संपवली. आपल्या टपाल खात्यानं त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, आधी बहुतेक आणि मग सर्वच टपाल घेणं थांबवलं. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या सहा दिवस आधी. शुल्क बुकिंगच्या वेळी इथेच भरून घेण्याची पद्धत आली. त्या वर्षी टपालावर विसंबलेल्यांचा फराळ अमेरिकेत दिवाळीनंतरच पोचणार होता. तेव्हा भाजणी दळून आणण्याआधी एकदा टपाल कार्यालयात जाऊन त्या देशाचे ताजे नियम विचारावेत. घरी केलेला आणि करणाऱ्यानंच भेट म्हणून पाठवलेला खाऊ अमेरिकेच्या अन्न प्रशासनाच्या पूर्वसूचनेच्या अटीतून वगळलेला आहे. दुकानातल्या पाकिटांना ती सूट नाही, हे पुष्कळांना उलटं वाटतं. ऑस्ट्रेलियात दूध-खव्याच्या मिठाया सीमेवरच काढून घेतात आणि युरोपीय संघातही बाहेरून येणाऱ्या वैयक्तिक पार्सलात दुग्धजन्य पदार्थांना मनाई आहे. यादीत ‘होममेड स्नॅक्स’ एवढंच न लिहिता प्रत्येक पदार्थ, वजन आणि किंमत लिहावी, आणि कुरिअर मागेल ती ओळखपत्राची प्रत तयार ठेवावी.

घरून फराळ, उटणी, पणत्या किंवा साड्या विकणाऱ्यांना हे सगळं दुपटीनं लागू आहे, कारण त्यांची नाचक्की शंभर घरांत होते. ‘दिवाळीआधी मिळेल’ असं मोघम न सांगता राज्यात, राज्याबाहेर आणि परदेशात अशा तीन वेगळ्या शेवटच्या तारखा जाहीर कराव्यात आणि त्यानंतर आलेली ऑर्डर नाकारावी. नाकारताना जीवावर येतं हे खरं. पण पोचल्यावर पैसे देण्याच्या ऑर्डरींत उशिरा आलेलं पार्सल गिऱ्हाईक सरळ परत पाठवतं आणि दोन्ही फेऱ्यांचं भाडं विक्रेत्याच्या माथी बसतं. अशा ऑर्डरी पाठवण्याआधी एक फोन करून खात्री करावी, आगाऊ पैसे देणाऱ्याला थोडी सूट द्यावी. सगळा माल एकाच कंपनीवर टाकू नये. ज्या पिनकोडवर एखाद्या कंपनीची स्वतःची माणसं नाहीत, तिथे टपाल खातं बहुधा जास्त भरवशाचं ठरतं. त्याची दीड लाखांहून अधिक कार्यालयं खेड्यापाड्यांत पसरलेली आहेत.

आणि ज्यांना हे सगळं वसुबारसेला आठवलं, त्यांनी एक्स्प्रेसचे पैसे वाचवून त्या गावातल्याच एखाद्या फराळवाल्या बाईंकडे ऑर्डर द्यावी. घरचंच पाठवायचा हट्ट असेल तर भाऊबीज उलटल्यावर तीनचार दिवस थांबून पाठवावं. लगेच पाठवलेलं पार्सल परतीच्या मालात अडकतं, कारण न पटलेले कपडे, चुकीच्या मापाचे बूट आणि नाकारलेली खोकी याच काळात त्याच हबमधून उलट्या दिशेनं निघालेली असतात.